योग आणि क्षेम

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेल्या मनुष्याविषयीं आपल्या समाजांत दोन वाक्यें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें वाक्य शस्त्रक्रियेनंतर वर्षाभरांत उच्चारलें जातें. तीस-पस्तीस किलो वजन उतरलेलें असतें, जुने कपडे अंगावर लोंबत असतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, आणि पाहणारा म्हणतो, "त्यांत त्यानें काय केलें? डॉक्टरांनीं पोट कापलें, वजन उतरलें." दुसरें वाक्य पांच-सात वर्षांनीं येतें. उतरलेल्यापैकीं दहा-बारा किलो परत चढलेले असतात, आणि तोच पाहणारा म्हणतो, "एवढे लाखों रुपये घातले, पोट कापून घेतलें, तरी जिभेवर ताबा नाहीं तो नाहींच." वजन उतरलें तेव्हां कर्ता सुरी होती, वजन चढलें तेव्हां कर्ता माणूस झाला. जमेची बाजू शल्यवैद्याच्या खात्यावर आणि नांवेची बाजू रोग्याच्या खात्यावर मांडणारा हा हिशेब एखाद्या पेढीवरच्या कारकुनानें लिहिला असता, तर त्याला दुसऱ्या दिवशीं घरचा रस्ता धरावा लागला असता. नीतीच्या चोपडींत मात्र असले हिशेब आपण निःशंकपणें लिहीत असतों, आणि त्यांवर सही करणारांत सुशिक्षितांची संख्या कमी नसते.

या दोन वाक्यांपैकीं एखादें खरें असूं शकेल, किंवा दोन्ही खोटीं असतील. दोन्ही एकदम खरीं असणें शक्य नाहीं. सुरीच जर सर्व कांहीं करीत असेल, तर परत चढलेलें वजन हेंही सुरीचेंच अपयश ठरेल. माणसाचा निग्रहच जर निर्णायक असेल, तर पहिल्या वर्षीं उतरलेल्या वजनाचें श्रेय त्याच्या पदरांत पडलें पाहिजे. असें असतां दोन्ही वाक्यें एकाच तोंडांतून निघतात आणि बोलणाराला त्यांत कांहीं विसंगत वाटत नाहीं. तेव्हां त्यांच्या मुळाशीं तर्क नसून एक जुनी समजूत आहे असें मानणें भाग पडतें. ती समजूत अशी कीं, खरा निग्रह तेवढा आंतून उपजतो. बाहेरची मदत घेतली कीं तो बाटला. या समजुतीची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती केवळ तात्त्विक हौस म्हणून करावयाची नाहीं. हजारों माणसांच्या प्रकृतीवर या समजुतीचा प्रत्यक्ष परिणाम होत आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन या शल्यवैद्यानें सन १९६६ मध्यें जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्यास जोडण्याचा उपाय लठ्ठपणावर प्रथम योजिला. व्रणासाठीं ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढून टाकावा लागे, त्यांचें वजन पुढें वाढत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. आज जगांत अधिक प्रमाणांत होणारी शस्त्रक्रिया निराळी आहे. तींत जठराचा सुमारें तीन चतुर्थांशांहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी मागें ठेवतात. सामान्य मनुष्याची कल्पना अशी कीं, पिशवी लहान केली, म्हणून तींत कमी मावतें. एवढेंच या उपायाचें रहस्य. पण तें तेवढेंच नाहीं. सन १९९९ मध्यें जपानी संशोधकांनीं ग्रेलिन नांवाचें द्रव्य शोधून काढलें. तें भूक चेतवितें, आणि मुख्यतः जठराच्या वरच्या भागांत तयार होतें. नळीच्या शस्त्रक्रियेंत नेमका तोच भाग काढला जातो. शिवाय अन्न आतड्यांत लवकर पोहोंचूं लागल्यामुळें तेथून मेंदूकडे जाणारे तृप्तीचे संदेश वाढतात. म्हणजे सुरी पोटावर चालते, पण फरक भुकेंत पडतो.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाचें वर्णन चाललें असतां एक मार्मिक निरीक्षण येऊन गेलें आहे. निराहार राहणाऱ्या मनुष्यापासून विषय दूर होतात, पण त्यांविषयींची गोडी त्याच्या ठिकाणीं शिल्लक राहते. उपवासाच्या दिवशीं ज्याचें सारें लक्ष घड्याळाकडे लागलेलें असतें त्याला याचा अर्थ भाष्यावांचून कळेल. या शस्त्रक्रियेनें कांहीं काळ याच्या अगदीं उलट प्रकार घडतो. अन्न समोर असतें, मनाई कोणी करीत नाहीं, आणि गोडीच ओसरलेली असते. ज्या पदार्थाच्या वासानें पूर्वीं पाय आपोआप वळत त्याकडे आतां पाहावेंसेंही वाटत नाहीं, असें अनेक रोगी सांगतात. या काळांत वजन झपाट्यानें उतरतें आणि निग्रहाचें काम फारच थोडें पडतें. पहिलें वाक्य उच्चारणारा या एवढ्या काळापुरता सर्वस्वीं चुकत नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण हे नव्याचे नऊ दिवस आहेत. वर्ष-दीड वर्षानंतर भूक हळूहळू घरीं परतते, गोडीही परतते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो, आणि त्याच वेळीं पाहणारांची गर्दी पांगलेली असते.

पुढें काय होतें याचा सर्वांत दीर्घ आणि विश्वसनीय हिशेब स्वीडन देशांत ठेवला गेला आहे. सन १९८७ मध्यें लार्स शोस्ट्रम यांच्या नेतृत्वाखालीं तेथें एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २०१० लोक आणि तसाच लठ्ठपणा असून शस्त्रक्रिया न झालेले २०३७ लोक यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवण्यांत आली. शस्त्रक्रिया झालेल्यांचें वजन दोन वर्षांनीं सरासरी शेंकडा २३ नें उतरलेलें होतें. दहा वर्षांनीं ही उतार शेंकडा १७, पंधरा वर्षांनीं १६ आणि वीस वर्षांनीं १८ अशी आढळली. दुसऱ्या गटाचें वजन जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. हे आंकडे माणसाच्या अंगावर चढवून पाहावे. १२० किलोंचा मनुष्य दोन वर्षांनीं ९२ किलोंवर येतो आणि दहा वर्षांनीं शंभराच्या आसपास असतो. सात-आठ किलो परत आले, वीस किलो आले नाहींत. शेजाऱ्याला दिसतात ते हे सात-आठ. जे वीस किलो दहा वर्षें दाराबाहेर थोपवून धरले आहेत ते कोणालाच दिसत नाहींत, कारण जें घडलें नाहीं तें डोळ्यांना दिसावें कसें? ही सरासरी आहे, हेंही विसरूं नये. तिच्या पोटांत जवळजवळ सर्व कांहीं टिकविलेले लोक आहेत, तसे जवळजवळ सर्व कांहीं गमावलेलेही आहेत. त्याच अभ्यासाचा सन २०२० मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, शस्त्रक्रिया झालेल्यांचें आयुष्य दुसऱ्या गटापेक्षां सुमारें तीन वर्षांनीं अधिक होतें, परंतु सर्वसाधारण जनतेपेक्षां साडेपांच वर्षांनीं कमीच होतें. सुरी म्हणजे वरदान नव्हे आणि फसवणूकही नव्हे, एवढें यावरून कळतें.

आतां वजन परत कां येतें? "खातात म्हणून" हें उत्तर खोटें नाहीं, पण पाऊस कां पडतो याला "ढगांतून पाणी गळतें म्हणून" हें जसें उत्तर, तसें तें आहे. शरीर आपल्या गमावलेल्या वजनाचा दावा सहजासहजीं सोडीत नाहीं. सन २०१६ मध्यें केविन हॉल या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेंत वजन घटविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर केलेली तपासणी प्रसिद्ध केली. यांच्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. त्यांनीं व्यायाम आणि अल्पाहार यांच्या बळावर, लाखों प्रेक्षकांसमक्ष, सरासरी ५८ किलो उतरविले होते. सहा वर्षांत त्यांतील ४१ किलो परत आले. विश्रांतींत असतांना त्यांचें शरीर त्यांच्या आकाराच्या मनुष्याकडून जेवढी अपेक्षा करावी त्यापेक्षां रोज सुमारें ५०० उष्मांक कमी जाळीत होतें. मूठभर मिळकत असलेल्या घरानें खर्च आंवळावा तसा शरीरानें आपला खर्च आंवळला होता, आणि सहा वर्षांनींही तें तो सैल करण्यास तयार नव्हतें. निग्रह या मंडळींपाशीं कमी होता असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

याहून जुनें एक उदाहरण आम्हांस अधिक बोलकें वाटतें. दुसरें महायुद्ध चालू असतां, १९४४-४५ मध्यें, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत आन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवून त्यांचें निरीक्षण केलें. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीच्या आधारें युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते, आणि युरोपांतील भुकेल्यांना अन्न कसें द्यावें हें कळावें म्हणून त्यांनीं स्वेच्छेनें उपासमार पत्करली होती. मनोबलाची याहून कडक निवड करतां आली नसती. अशा मुलांचें मन थोड्याच आठवड्यांत अन्नावांचून दुसऱ्या कशांत रमेनासें झालें. तीं पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत, ताटल्या चाटीत, अन्नाचीं स्वप्नें पाहत. इच्छाशक्ति ही शरीराच्या वरच्या मजल्यावर राहणारी स्वतंत्र मालकीण आहे आणि तळमजल्यावरील गडबडीशीं तिचा संबंध नाहीं, ही कल्पना या प्रयोगापुढें टिकत नाहीं. "जिभेवर ताबा नाहीं" असें म्हणणारा पोटभर जेवून बोलत असतो.

यावरून कित्येक डॉक्टर आणि त्यांचे वाचक दुसऱ्या टोकास जातात. सर्व कांहीं द्रव्यांचा आणि संदेशांचा खेळ. वजन राहिलें तर शरीराची कृपा, परत आलें तर शरीराची खोड. माणसाचा यांत संबंध नाहीं. दुःखी माणसाला धीर देण्यासाठीं असें बोललें जातें हें आम्हांस ठाऊक आहे, आणि निष्ठुर नीतिपाठकांपेक्षां ही दयाळू मंडळी आम्हांस केव्हांही प्रिय आहेत. पण हें बोलणें खरें नाहीं, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला द्यावी लागते. ज्यानें बारा-पंधरा वर्षें आपलें वजन राखलें त्याच्या हातून कांहींच घडलें नाहीं असा त्याचा अर्थ होतो. त्याचा एक दिवस कसा जातो तें पाहावें म्हणजे हा अर्थ किती अन्यायाचा आहे हें कळेल.

जेवायला बसल्यावर त्याला प्रथम प्रथिनें खावीं लागतात, कारण लहान जठरांत जागा थोडी असते आणि दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलीं नाहींत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मांसाहारी मनुष्यास हें त्यांतल्या त्यांत सोपें. शाकाहारी मराठी घरांत पानाची मांडणीच उलटी करावी लागते. भाताच्या मुदीवर वरणाची धार ही आपली रीत. त्याला वाटीभर दाट वरण, उसळ, दहीं, पनीर आधीं आणि भात उरलेल्या जागेंत, तोही चमचाभर. जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं. घास सावकाश चावावयाचा. घाई झाली कीं अन्न छातीशीं अडकून वेदना होतात. लोह, कॅल्शियम, ब १२ जीवनसत्त्व हीं जन्मभर घ्यावयाचीं, कारण वळविलेल्या किंवा कापलेल्या मार्गांतून तीं पुरेशीं शोषिलीं जात नाहींत. ज्याचें आतडें वळविलेलें आहे त्यानें एखादा गुलाबजाम खाल्ला तर अंगाला दरदरून घाम फुटून छाती धडधडूं लागते. ही एक प्रकारची राखणच म्हणावयाची. पण ती सर्व दारांवर नसते. पोळीचा तुकडा जेथें अडकतो तेथून आइस्क्रीम विनासायास उतरतें. थोडें थोडें फरसाण दिवसभर तोंडांत टाकीत राहिल्यास लहान जठर कधींच तक्रार करीत नाहीं. गोड चहाच्या पांच-सहा फेऱ्यांना तें अडवीत नाहीं. मोठ्या जेवणावर शस्त्रक्रियेचा पहारा आहे, चरण्यावर नाहीं. तेव्हां सुरीनें जो वाडा बांधून दिला त्याला अनेक खिडक्या उघड्या आहेत, आणि त्या रोज संध्याकाळीं लावण्याचें काम त्या वाड्यांत राहणाराचेंच आहे.

मदत घेतलेला निग्रह बाटतो, या समजुतीकडे आतां वळूं. आपल्याकडे वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून मद्यमांस सोडतो. गांवांतला पिणारा माणूस माळ घालून सुटला तर आपण त्याला मान देतों. "त्यांत त्यानें काय केलें? माळेनें केलें," असें म्हणणारा आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. दिंडीबरोबर पंढरीस चालत जाणाऱ्याची भक्ति एकट्यानें जाणाऱ्याच्या भक्तीहून हिणकस कोणी मानीत नाहीं. व्रतांना उद्यापन आहे, सोबत आहे, साक्षीदार आहेत; कारण व्रतें योजणाऱ्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. यावर कोणी म्हणेल, माळ मनुष्य जागेपणीं घालतो आणि रोज वागवितो; शस्त्रक्रिया बेशुद्धींत एकदांच होते; दोन्हींची तुलना कशी होईल? हा आक्षेप वजनदार आहे. पहिल्या वर्षापुरती तुलना होत नाहीं, असेंच आम्ही म्हणूं. पण दहाव्या वर्षीं ती शस्त्रक्रिया माळेसारखीच झालेली असते. ती आठवण देते, थोडी अडचण करते, थोडी मदत करते. सक्ति करीत नाहीं. माळ घातलेल्याला गुत्त्याची वाट बंद झालेली नसते.

आपल्या भाषेंत योगक्षेम असा एक जुना शब्द आहे. पत्रांच्या मायन्यांत आणि विम्याच्या जाहिरातींत वापरून आपण त्याची धार घालविली. परंतु भाष्यकारांनीं त्याची जी फोड केली आहे ती फार उपयोगी आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग. जें मिळालें त्याचें रक्षण करणें म्हणजे क्षेम. वजन उतरणें हा योग आहे. तो दिसतो, त्याचीं पूर्वींचीं आणि नंतरचीं छायाचित्रें निघतात, दवाखान्याच्या भिंतीवर तीं लागतात. क्षेमाचें छायाचित्र काय काढणार? अकराव्या वर्षींचें चित्र दहाव्या वर्षींच्यासारखेंच निघणार, आणि तसें तें निघणें हाच पराक्रम असतो. योगाला आरंभ आणि शेवट आहे. क्षेमाला शेवट नाहीं, म्हणून त्याला समारंभही नाहीं. (नवें मासिक निघालें कीं अभिनंदनाचीं पत्रें येतात, बाराव्या वर्षीं अंक वेळेवर निघाला म्हणून पत्र आल्याचें कोणा संपादकाच्या स्मरणांत असल्यास त्यानें आम्हांस कळवावें.)

रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत किल्ल्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गड घेण्याच्या हकीकतींची ज्याला गोडी आहे त्याला तें नीरस वाटेल. पाणी पुरेल कीं नाहीं, कोठारें कशीं असावीं, तटावर उगवलेलीं झाडें वरचेवर कापून काढावीं, असल्या बाबींचा त्यांत खल आहे. तटाच्या सांध्यांत रुजलेलें पिंपळाचें रोप शत्रूच्या तोफेइतकेंच काम करतें. तें फक्त वीस वर्षें घेतें. शिवकालीन व्यवस्थेंत गड एका हवालदाराच्या भरंवशावर सोडीत नसत. सबनीस, कारखानीस असे इतर अधिकारी त्याच्या जोडीला असत. राखण ही एका माणसाच्या शौर्याची बाब नव्हे हें त्या काळच्या राज्यकर्त्यांना पटलें होतें. देहाच्या राखणीविषयीं मात्र आपण सारा भार एकट्या हवालदारावर टाकतों, आणि गड गेला कीं त्याच्या निष्ठेची चौकशी करतों.

या राखणींत घराचा वाटा किती मोठा आहे! शस्त्रक्रिया झालेली गृहिणी सर्वांचें ताट वाढून शेवटीं बसते. पातेल्यांत उरलेली आमटी, मुलानें टाकलेली अर्धी पोळी, वाटीच्या तळाशीं राहिलेला शिरा यांची विल्हेवाट तिनें लावावयाची, कारण अन्न टाकणें हें पाप. पिढ्यान् पिढ्या मराठी घरांत आईचें पोट हें उरलेल्या अन्नाचें शेवटचें भांडें होऊन राहिलें आहे. तिच्या जठराचा तीन चतुर्थांश भाग शल्यवैद्यानें काढला. हें भांडें मात्र कोणी हलविलें नाहीं. पंगतींतला आग्रह हा दुसरा शत्रु. "एक जिलबी माझ्याकडून" म्हणून पानावर पडलेली जिलबी नाकारणें हा यजमानाचा अपमान समजला जातो, आणि ती खाल्ली तर उद्यां तोच यजमान दुसरें वाक्य उच्चारावयास मोकळा असतो. जो मनुष्य दुसऱ्याच्या खिडक्या बाहेरून उघडतो त्याला आंत चोर शिरल्याबद्दल घरमालकाला दोष देण्याचा अधिकार कोठून आला, हें आम्हांस कळत नाहीं.

बरें, हा न्यायनिवाडा होतो तो डोळ्यांनीं, आणि डोळे या कामीं नालायक साक्षीदार आहेत. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉक्टर जॉन युडकिन यांनीं सन २००४ मध्यें स्वतःच्याच शरीरांची मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३, पण चरबी एकाच्या अंगीं शेंकडा ९.१, तर दुसऱ्याच्या अंगीं २१.२. ही दुसरी आकृति पुणेकराची होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या देहांत किती चरबी दडलेली असूं शकते हें त्यावरून उघड झालें. ज्याच्याकडे बोट दाखवावें त्याच्याहून बोट दाखविणाराचीच रक्तशर्करा अधिक असण्याचा संभव आपल्या देशांत बराच आहे. शस्त्रक्रिया ही मुळांत मधुमेह, रक्तदाब, झोपेंत कोंडणारा श्वास, झिजलेले गुडघे यांच्यासाठीं असते. सात-आठ किलो परत येऊनही जो मनुष्य जिना चढूं लागला आहे आणि रात्रीं शांत झोपतो आहे, त्याच्या क्षेमाचें माप शेजाऱ्याच्या नजरेंत मावत नाहीं.

मग ज्याचें वजन खरोखरच पुष्कळ परत आलें त्याचें काय? त्याला आम्ही निर्दोष ठरवितों काय? आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतों. कांट्यावरचा आंकडा हें फळ आहे. त्यांत शस्त्रक्रियेचा प्रकार, वय, इतर रोगांसाठीं चालू असलेलीं औषधें, आनुवंशिकता, घर, दारिद्र्य, दुःख या सर्वांचा हात असतो. ज्यांबद्दल माणसाला जाब विचारतां येईल अशीं कृत्यें त्यामानानें थोडीं आणि साधीं आहेत: गोळ्या घेणें, रक्त तपासणें, ताटांत काय पडतें याकडे लक्ष देणें, आणि वजन वाढूं लागलें कीं तें न लपवितां वैद्याकडे परत जाणें. आमच्या मतें यांतलें शेवटचें कृत्य सर्वांत कठीण आहे, आणि समाजाचा दोषारोप नेमका त्याच कृत्याची वाट अडवितो. वजन परत आलेला रोगी दवाखान्याची पायरी चढावयास लाजतो. ज्या भिंतीवर त्याचें छायाचित्र लागलें होतें त्या भिंतीखालीं कोणत्या तोंडानें बसावें, असें त्याला वाटतें. तो तपासणी चुकवितो, आणि वजनाच्या जोडीला ब १२ ची आणि लोहाची उणीव कोणाच्या लक्षांत न येतां वाढत जाते. हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाहीं. त्याहून भयंकर गोष्टीही आहेत. आतडें वळविलेल्या रोग्याच्या रक्तांत मद्य लवकर आणि अधिक चढतें. सन २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षीं मद्याच्या आहारीं गेलेल्यांचें प्रमाण शेंकडा साडेसातांच्या आसपास होतें तें साडेनऊच्या वर गेलेलें आढळलें. अशा वेळीं माणसाला कोणाच्या तरी पुढें तोंड उघडण्याची गरज असते.

दोष देण्याचें समर्थन नीतिशास्त्रांत एकाच मार्गानें होऊं शकतें: दोष दिल्यानें दोषी सुधारतो किंवा इतरांचें रक्षण होतें. येथें इतरांना त्यापासून कसलाही धोका नाहीं, आणि दोषी मानलेला मनुष्य सुधारण्याच्या एकमेव जागेपासून दूर पळतो. ज्या निंदेनें औषध बंद पडतें तिला नीति हें नांव देण्यास आम्ही तयार नाहीं. तो बोलणाराचा विरंगुळा आहे.

अलीकडे या वादांत नवें पात्र शिरलें आहे. आतड्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या तृप्तीच्या एका संदेशाची नक्कल करणारें सेमाग्लुटाइड हें औषध लठ्ठपणासाठीं अमेरिकेंत २०२१ मध्यें मान्य झालें आणि २०२५ मध्यें त्याच कामासाठीं आपल्या बाजारांतही आलें. शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्या कांहीं रोग्यांना डॉक्टर आतां तें देतात. लोकांनीं लगेच तिसरें वाक्य तयार केलें: "आधीं सुरी, आतां सुई." हें औषध बंद केल्यावर काय होतें तेंही पाहिलें गेलें आहे. सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तें थांबविल्यापासून वर्षभरांत उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. क्षेम येथेंही तसेंच उभें आहे. फक्त त्याचा खर्च आतां महिन्याच्या महिन्याला मोजावा लागतो. पेन्शनीवर राहणाऱ्या एखाद्या बाईनें चार महिन्यांनीं परवडत नाहीं म्हणून सुई बंद केली आणि कांटा पुन्हां वर सरकूं लागला, तर ती डॉक्टरांकडे परत जाईल कीं पडदे ओढून घरीं बसेल, हें पुष्कळ अंशीं त्या आठवड्यांत तिच्या भोंवतालचीं माणसें तिच्याशीं काय बोलतात यावर अवलंबून राहील.